मागचं चाक

फेब्रुवारी. थंडर बेला उणे सव्वीस.
रस्ते बंद म्हणून शाळेची बस उभी,
आणि बसची ड्रायव्हर, म्हणजे मी,
गॅरेजात जुन्या गादीवर गुडघे टेकून
रेइनोच्या होंडाच्या मागे.
रॉकेलचा हीटर आपल्यापुरतं ऊन पाडतोय.

मोटरसायकल शहात्तरची. चारशे डॉलरला घेतली,
त्यातले दोनशे तर निव्वळ
केनोरात लेम्पीचं अंगण मोकळं व्हावं म्हणून.
लेम्पी माझी बहीण. रेइनो तिचा नवरा होता,
आता सडबरीला, दुसऱ्या कोणाचा तरी.
किल्लीच्या पाकिटावर त्याने लिहिलं होतं:
हिला पोरीसारखी जपली आहे.
पोरी त्याला दोन. दोघींचे वाढदिवस
लेम्पीला दर वर्षी आठवण करून द्यावे लागत.

आसाच्या नटाला पिनेच्या जागी खिळा.
कुंपणाचा, हातोडीने वाकवलेला.
तो पकडीने ओढून काढला
आणि तीन दिवस नटाला तेल पाजलं.
ढिम्म.
पान्याला पाइप जोडला, पाइपाला मी लोंबकळले.
शेवटी शेजारचा टाउनो ज्योत घेऊन आला,
नट तापवला, म्हणाला,
शिव्या दे. फिन्निश दे,
इंग्रजी शिव्या लोखंडाला लागत नाहीत.
दिल्या. आईच्या वेळच्या, ठेवणीतल्या.
तेव्हा कुठे कुरकुरत पाव आटा सरकला.
आस अशी सहजासहजी सुटत नाही.

मग एकेक बाहेर येऊ लागलं.
शॉकॉपच्या बुशात बिअरच्या डब्याचा पत्रा,
कातरून गुंडाळलेला, त्यावर अजून एक अर्धं अक्षर.
मडगार्ड तारेने आवळलेलं.
ब्रॅकेटचे चार बोल्ट चार घराण्यांचे,
एकाला दुसऱ्याचा वायसर चालत नाही.
स्प्रॉकेटचे दात झिजून गळासारखे वाकलेले.
प्रत्येक ठिकाणी मला तो दिसत होता,
हात पँटीला पुसत, उद्या बघू म्हणत.
लेम्पी वीस वर्षं जे सांगत होती
ते इथे कोणीतरी नटबोल्टांत लिहून ठेवलं होतं.
मी पाकिटाच्या पाठीवर यादी करत गेले.

राहता राहिला स्विंगआर्म.
बाजारातले प्लास्टिकचे बुश आणून ठेवले होते,
अठ्ठेचाळीस डॉलरचा संच.
जुने ठोकून काढायचे, हातोडा हाताशीच.
दांडा मात्र बोटाने ढकलला आणि आला,
लोण्यातून केस यावा तसा.
आत काशाचे बुश.
कारखान्याने हिला असे कधी दिले नव्हते.
कोणीतरी लेथवर कातलेले,
कागदगिरणीत, रात्रपाळीला, फोरमनची नजर चुकवून.
आतून वंगणासाठी नागमोडी चर,
इतकी बारीक की नखाला लागते, डोळ्याला नाही.
ग्रीस अजून मधासारखं.
जिथे कोणी कधी बघणार नाही
तिथे सुताचाही फरक नव्हता.

टाउनो एक बुश दिव्यासमोर धरून
बराच वेळ फिरवत राहिला.
हे कोणी केलं?
मी पान्यांचा डबा आवरायला घेतला.

बुश पुसून पुन्हा जागेवर घातले.
नवे शॉकॉप, नवी चेन,
खिळ्याच्या जागी पंचवीस सेंटांची खरी पिन.
चाक हाताने फिरवलं, कान लावला.
फक्त हीटरचा आवाज.

रात्री लेम्पीचा फोन. काय काय निघालं?
मी यादी वाचली. खिळा. पत्रा. तार.
ती हसत सुटली, खोकला येईपर्यंत,
बऱ्याच महिन्यांनी.
अजून?
अजून काही नाही, म्हटलं.
स्विंगआर्मला हात लावावा लागला नाही.
त्याचं काम होतं ते. चांगलं होतं.

तिकडून काहीच आलं नाही.
ताटल्या ठेवल्याचा आवाज आला, एक, मग दुसरी.
मग तिने विचारलं,
तुमच्याकडे बर्फ किती पडलाय.